टाकी हवी की नको? आधी शेवटची आंघोळ कुणाची ते सांगा

पत्राचा गोषवारा: घरात सहा माणसं. सासू-सासरे, नवरा-बायको, कॉलेजातला मुलगा आणि शाळेतली मुलगी. बाथरूम दोन, पण गिझर एकच, 25 लिटर टाकीचा. त्याचंच गरम पाणी नळीने दोन्हीकडे आणि स्वयंपाकघरातल्या सिंकपर्यंत नेलेलं. गिझर बारा वर्षांचा झालाय आणि हल्ली त्याच्याखाली पाणी ठिबकतं. सकाळी तासाभरात सगळ्यांचं उरकावं लागतं. सासरे पहिले, मग सासूबाई, दोघंही बादलीने. नवऱ्याचीही बादलीच, पण त्याला साडेआठला निघायचं असतं. मुलं शॉवरखाली दहा-दहा मिनिटं. शेवटच्या माणसाला कोमट पाणी मिळतं. मुलगा म्हणतो, टाकी नसलेला इन्स्टंट घ्या, पाणी कधी संपणार नाही आणि वीजही वाचेल. सासरे म्हणतात, टाकीचाच घ्या, इतकी वर्षं त्याने दगा दिला नाही. प्लंबर म्हणतो, टाकी आता जुनी झाली. शेजारीण गॅसचा सुचवते. नवरा म्हणतो, तू ठरव. ‘टाकीचा घेऊ की बिनटाकीचा, एका शब्दात सांगा,’ असं पत्रलेखिकेने लिहिलं आहे.

ताई,

एका शब्दात सांगता आलं असतं तर चार जणांची चार मतं तुमच्यापर्यंत आलीच नसती. आणि ‘तू ठरव’ हे वाक्य माझ्या फार ओळखीचं आहे. त्याचा अर्थ असा, की उद्या पाणी गार आलं की हाक तुम्हालाच बसणार. तेव्हा ठरवायचंच आहे तर हिशेब मांडून ठरवूया. हाक मारणाऱ्याच्या हातात तो कागद ठेवता येतो.

पण त्याआधी एक स्टूल घ्या आणि तुमचा गिझर नेमका कुठून ठिबकतोय ते बघा. पाणी तापलं की फुगतं. 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर गेलं की ते साधारण दीड टक्क्याने वाढतं. म्हणजे 25 लिटरच्या टाकीत साधारण पावणेचारशे मिलिलिटर पाणी जास्तीचं होतं. त्याला मागे नळीत शिरायला वाट नसेल तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडतं. गिझर तापत असतानाच ठिबकत असेल आणि थेंब त्या व्हॉल्व्हच्या तोंडातून येत असतील, तर बहुधा टाकी फुटलेली नाही, व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. पाणी टाकीच्या अंगातून, जोडातून, गंजाचा तांबूस डाग घेऊन येत असेल, तर मात्र तिचे दिवस भरले. आमच्याकडे एकदा असंच ठिबकत होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसाने त्या व्हॉल्व्हचं तोंड बूच मारून बंद केलं आणि ‘आता नाही गळणार’ म्हणाला. नाहीच गळलं. पुढे दुसऱ्या जाणकाराने ते पाहिलं आणि आधी मेन स्विच बंद केला, मग माझ्याकडे बघितलं. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला असता तर त्या बंद टाकीतली वाफ कुठून तरी निघालीच असती, भिंतीसकट. व्हॉल्व्ह बदलता येतो, बंद करायचा नसतो.

बरं, तुमच्या टाकीचे दिवस खरंच भरलेत असं धरून पुढे जाऊ. बारा वर्षं हे टाकीसाठी चांगलं आयुष्य आहे.

प्लंबरच्या ‘टाकी जुनी झाली’ या वाक्याची मला गंमत वाटली. कारण आपण ज्याला गिझर म्हणतो तो मुळात बिनटाकीचाच होता. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन नावाच्या रंगाऱ्याने गॅसच्या ज्योतीवर वाहतं पाणी तापवणारं यंत्र केलं आणि आइसलँडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून त्याला गिझर हे नाव दिलं. आपोआप तापून साठा करून ठेवणारी टाकी त्यानंतर आली; एडविन रूड या नॉर्वेतून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने ती 1889 मध्ये बनवली. म्हणजे जुनं-नवं असंच लावायचं तर टाकी हीच नवी. तेव्हा वयाचा मुद्दा आपण दोघींनी सोडून देऊ. प्रश्न असा आहे, की तुमच्या घरात गरम पाणी एका वेळी किती जणांना लागतं.

इथे थोडं गणित आहे. कंटाळा करू नका, हे घरखर्चाच्या वहीपेक्षा सोपं आहे.

विजेचं एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट तासभर, 860 लिटर पाणी एका अंशाने तापवतं. तेच युनिट 86 लिटर पाणी दहा अंशांनी तापवेल किंवा 43 लिटर वीस अंशांनी. लिटर आणि अंश यांचा गुणाकार तोच राहतो, म्हणून मी त्याला सरळ ‘लिटर-अंश’ म्हणते. तीन किलोवॅटची कॉइल एका मिनिटात 43 लिटर-अंश देते, दोन किलोवॅटची साधारण 29. कंपनी कुठलीही असो, खोक्यावर काहीही छापलेलं असो, यापेक्षा जास्त ती देऊच शकत नाही.

आता नळाला येणारं पाणी 20 अंशांचं आहे आणि अंगावर 40 अंशांचं हवं आहे असं समजा. मुलाच्या शॉवरमधून मिनिटाला आठ लिटर पाणी पडतं, हा साधारण आकडा. आठ गुणिले वीस, म्हणजे मिनिटाला 160 लिटर-अंश. तीन किलोवॅटचा बिनटाकीचा गिझर देणार 43. मुलगा नळ तसाच सोडेल तर पाणी जेमतेम पाच-साडेपाच अंशांनी तापेल. त्याला ऊन पाणी हवं असेल तर धार मिनिटाला दोन लिटरवर आणावी लागेल. दोन लिटरची धार म्हणजे शॉवर नव्हे, ओघळ. खरा शॉवर बिनटाकीच्या विजेच्या गिझरवर चालवायचा तर 11 किलोवॅट लागतात. 230 व्होल्टवर ते जवळपास 48 अँपिअर होतात. दोन्ही बाथरूम एकदम चालली तर दुप्पट. सोळा अँपिअरच्या सॉकेटवर हे होत नाही. त्याला वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, बहुतेक वेळा तीन फेजचं कनेक्शन आणि वाढवून घेतलेला लोड लागतो. मुलाने दाखवलेल्या गिझरचा किलोवॅटचा आकडा बघा आणि मीटरवर मंजूर लोड किती आहे ते बघा. पुष्कळ घरांत ही चर्चा तिथेच संपते.

मुलाचं चुकतंय असं नाही. ‘पाणी कधी संपणार नाही’ हे खरं आहे; फक्त ‘किती वेगाने’ हे वाक्यात राहून गेलं. टाकीचा गिझर तुम्ही झोपेतून उठायच्या आत काम करून ठेवतो, म्हणून त्याला दोन किलोवॅट पुरतात. बिनटाकीच्या गिझरला तेच काम नळ उघडल्याच्या क्षणी करायचं असतं, म्हणून त्याला पाचपट ताकद लागते. सासरे ज्याला ‘दगा न देणं’ म्हणतात ते हेच असावं.

पण मग सासऱ्यांच्या लाडक्या टाकीनेच शेवटच्या माणसाला कोमट पाणी का दिलं? मला तुमच्या पत्रातलं हे कोडं सगळ्यात आवडलं. चला, मोजू. चौघांच्या बादल्या, दर माणशी 15 लिटर, म्हणजे 60 लिटर. दोन मुलं, दहा मिनिटं, मिनिटाला आठ लिटर, म्हणजे 160. एकूण 220 लिटर ऊन पाणी, प्रत्येक लिटर वीस अंशांनी तापवलेलं: 4400 लिटर-अंश. आता जमेची बाजू. 25 लिटरची टाकी 60 अंशांपर्यंत आधीच तापलेली असेल तर तिच्यात 1000 लिटर-अंश साठलेले आहेत, आणि दोन किलोवॅटची कॉइल पुढच्या तासाभरात 1720 देईल. एकूण 2720. तूट 1680.

एका मुलाचा दहा मिनिटांचा शॉवर 1600 लिटर-अंशांचा होतो. ही तूट त्यापेक्षा थोडीशीच मोठी आहे.

म्हणजे टाकी वाईट नाही, घरात मुलं मोठी झाली आणि टाकी तेवढीच राहिली. सहाही जण बादलीने आंघोळ करत असते तर लागले असते 1800 आणि हाच 25 लिटरचा गिझर पुरून उरला असता. एका अटीवर: तो चालू राहिला तर. तुमच्याकडे पहिली आंघोळ झाली की कुणी ‘उगाच वीज जाते’ म्हणून बटण बंद करतं का? पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे. बटण बंद केलं की ते 1720 लिटर-अंश हिशेबातून गेले आणि उरल्या त्या फक्त साठवलेल्या बादल्या. आंघोळ करताना बटण बंद ठेवणाऱ्यांना विजेच्या धक्क्याची भीती असेल तर ती मात्र चेष्टेवारी नेऊ नका. त्यावरचा उपाय आहे चांगलं अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर. तो नसेल तर नवा गिझर घेण्याआधी तो बसवा. जुन्या कॉइलवर क्षाराचा जाड थर असेल तर ती आतून जास्त तापते आणि लवकर जळते.

आता विजेच्या बचतीचं. कॉइल टाकीत असो की नळीत, विजेची उष्णता जवळजवळ सगळी पाण्यातच जाते. तिथे दोघं सारखेच. फरक पडतो तो साठवलेलं पाणी वापराविना निवण्यात. तो किती आहे हे घरीच मोजता येतं. रात्री गिझर पूर्ण तापवा, बंद करा, तेव्हाचं आणि सकाळचं तापमान बघा. समजा पाणी रात्रभरात दहा अंशांनी उतरलं. 25 गुणिले 10, म्हणजे 250 लिटर-अंश, साधारण 0.3 युनिट. आणि चिरंजीवांचा एक शॉवर? 1600 भागिले 860, जवळपास 1.9 युनिट. हा भागाकार त्यालाच करायला सांगा. स्वतःच्या हाताने काढलेल्या उत्तरावर वाद घालणं जरा अवघड जातं.

याचा अर्थ टाकीचा तोटा नगण्यच असतो असा नाही. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार दिवसाला सुमारे 155 लिटरपर्यंत गरम पाणी वापरणाऱ्या घरात बिनटाकीचा गिझर 24 ते 34 टक्के जास्त कार्यक्षम ठरू शकतो. पण सुमारे 325 लिटर वापरणाऱ्या घरात हाच फायदा 8 ते 14 टक्क्यांवर येतो. ही तुलना मोठ्या आणि कायम तापत्या टाक्यांशी आहे, हेही लक्षात घ्या. थोडं वापरणाऱ्याच्या टाकीत पाणी पडून राहतं आणि निवतं. सहा माणसांच्या घरात ते निवायला थांबतच नाही. म्हणून हे पत्र एकट्या राहणाऱ्या कुणी लिहिलं असतं, किंवा पाहुण्यांपुरत्या वापरायच्या बाथरूमबद्दल असतं, तर मी डोळे मिटून बिनटाकीचा सांगितला असता. एक माणूस, एक बादली: 300 लिटर-अंश, तीन किलोवॅटवर सात मिनिटं. बादली भरेपर्यंत दात घासून होतात. त्यासाठी चोवीस तास टाकी तापत ठेवणं म्हणजे एका कपासाठी पातेलंभर चहा उकळणं.

‘इन्स्टंट’ या शब्दाने आणखी एक फसगत होते, ती नळापाशी. तुमचं स्वयंपाकघर गिझरपासून किती लांब आहे? आतून 15 मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावतं. बारा मीटर नळी असेल तर दोन लिटर गार पाणी वाहून गेल्याशिवाय गरम पाणी सिंकमध्ये येणारच नाही, गिझर टाकीचा असो वा बिनटाकीचा. उलट बिनटाकीचा त्यात स्वतःची काही सेकंदं घालतो, कारण पाणी वाहायला लागल्यावर मग तो पेटतो. धार फारच बारीक असेल तर पेटतही नाही. अशा यंत्रांना किमान प्रवाह लागतो. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि पाण्याची टाकी डोक्यावर जेमतेम असेल, तर दाब आधी तपासून घ्या. आणि नळ पुन्हा पुन्हा उघड-बंद करत भांडी विसळायची सवय असेल तर ऊन, मग गार, मग पुन्हा ऊन असं पाणी हातावर येत राहतं.

म्हणून स्वयंपाकघरासाठी माझं मत स्पष्ट आहे. तिथे सिंकखाली किंवा वर, अगदी जवळ, छोटा इन्स्टंट बसवा. या नावाने मिळणाऱ्या पुष्कळ छोट्या गिझरांच्या पोटात दोन-तीन लिटरची टाकी असते, तेवढी चालेल. भांड्यांना मिनिटाला दोन लिटर पुष्कळ होतात, आणि तीन किलोवॅट नेमके तेवढेच देतात. तुमच्या मुलाचा हट्टही त्यात पुरा होतो.

गॅसबद्दल शेजारणीचं म्हणणं ताकदीच्या बाबतीत बरोबर आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारी ज्योत विजेच्या साडेदहा किलोवॅटच्या तोडीची असते, आणि त्यासाठी वायर जाड करावी लागत नाही. पण ज्योतीला हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि हे काहीतरी वेगळं आहे हे कळायच्या आत पायातलं बळ जातं. बंद बाथरूममध्ये कडी लावून आंघोळ करणारा माणूस बाहेर येऊन सांगू शकत नाही. मॉघनच्या त्या पहिल्या गिझरलाही धूर बाहेर नेणारी नळी नव्हती आणि तो त्याचा मोठाच धोका होता. इतक्या वर्षांनी ती चूक आपण आपल्या घरात पुन्हा करायची नाही. बाथरूमच्या आत गॅसचा गिझर बसवू नका, खिडकी आहे, पंखा आहे, कुणी काहीही सांगो. बाहेरच्या उघड्या भिंतीवर बसवता येत असेल, किंवा हवा बाहेरून घेऊन धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकार मिळत असेल, शिवाय घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणार असाल, तर आणि तरच विचार करा. तशी जागा असलेल्या आणि दोन-तीन शॉवर एकदम चालणाऱ्या घराला मात्र तो खरोखर उत्तम पर्याय आहे. तिथे मी टाकीचा आग्रह धरणार नाही.

हीट पंप नावाचाही एक प्रकार आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, म्हणून एका युनिटमध्ये दोन-तीन युनिटांचं काम होतं. त्याला मोठी टाकी आणि मोकळी जागा लागते. घर नव्याने बांधत असाल तर जरूर चौकशी करा. तुमच्या आत्ताच्या गडबडीत मी तो बाजूला ठेवते.

तर तुमच्या घरासाठी. मुलं ज्या बाथरूममध्ये जातात तिथे 50 लिटरची टाकी, आणि मोठी माणसं जातात तिथे 25 लिटरची. 50 लिटरच्या टाकीत 60 अंशांना 2000 लिटर-अंश साठतात. खालून गार पाणी शिरून थोडं मिसळतंच, म्हणून त्यातले 1600 हाताला लागतील असं धरा. तासाभरात कॉइल 1720 देईल. एकूण 3320, दोन मुलांचे दोन शॉवर 3200. बसतंय, पण काठोकाठ. ती टाकी तापायला सत्तर मिनिटं लागतात, तेव्हा तिला टायमर लावा, पहाटे उठून बटण दाबायचं काम तुमच्या गळ्यात पडू देऊ नका. दुसरीकडच्या चार बादल्यांना 1200 पुरे, म्हणजे 25 लिटरची टाकी तिथे आरामात राहील. दोन्ही एकदम तापल्या तर चार किलोवॅट होतात. तेवढा लोड मिळतो का ते इलेक्ट्रिशियनला आधी विचारा, आणि प्रत्येक टाकीला वेगळी वायर घ्या.

नवा गिझर घ्यायच्याही आधी एक करा. शॉवरचं तोंड मिनिटाला सहा लिटरवालं बसवा आणि मुलांना सात मिनिटं द्या. आठ गुणिले दहाचे 80 लिटर एकदम 42 वर येतात. दोघांची मिळून मागणी 3200 वरून 1680 होते, आणि मग 50 ऐवजी 25 लिटरचीही टाकी तिथे चालून जाते. मुलं ऐकतील का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

थर्मोस्टॅट कितीवर ठेवायचा, यात थोडी ओढाताण आहे. साठवलेलं पाणी 25 ते 45 अंशांत रेंगाळलं तर त्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. 1976 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या संमेलनात पसरलेल्या न्यूमोनियावरून त्याचं नाव पडलं. म्हणून टाकी 60 अंशांवर ठेवणं चांगलं. पण 60 अंशांचं पाणी अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत खोल भाजतं, आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, हात मागे घ्यायलाही वेळ लागतो. टाकी गरम आणि नळ सौम्य असं दोन्ही साधायचं तर गिझरच्या बाहेरच्या नळीवर तापमान धरून ठेवणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसतो. सासू-सासऱ्यांच्या बाथरूममध्ये तो बसवाच. तो नसेल तर बादलीत आधी गार पाणी सोडायचं, मग गरम.

पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर दोन्ही प्रकारांना त्रास आहे, पण बिनटाकीच्या अरुंद नळ्या लवकर तुंबतात. त्या वर्षातून एकदा तरी सौम्य आम्लाने धुवाव्या लागतात. बिनटाकीचा वीस वर्षं टिकतो असं सांगतात ते ही देखभाल करणाऱ्यांसाठी. टाकीच्या आत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, त्याला अॅनोड म्हणतात. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, गंज स्वतःवर घेतो. दर वर्ष-दोन वर्षांनी तो काढून बघायचा आणि संपत आला की बदलायचा. तुमच्या जुन्या टाकीतला कधी बदललाय का, प्लंबरला विचारा. बहुतेक घरांत त्या बिचाऱ्याचं अस्तित्वच कुणाला ठाऊक नसतं, टाकी गळेपर्यंत.

हे सगळं मी माझ्या आकड्यांवर बोलतेय. तुमच्याकडे थंडीत पाणी 20 ऐवजी 12 अंशांचं येत असेल तर सगळे हिशेब बदलतील. वीसच्या जागी अठ्ठावीस घाला. म्हणून एक आठवडा बाथरूमच्या दारावर एक कागद लावा. कोण, किती वाजता, बादली की शॉवर, किती मिनिटं. नळाखाली बादली धरून ती किती वेळात भरते ते बघा, पाण्यात थर्मामीटर बुडवा. आठवड्याने तो कागद मधोमध ठेवून सगळ्यांसमोर बेरीज करा, नवऱ्यालाही बसवा. म्हणजे ‘तू ठरव’चं ‘आपण मोजलं’ होईल.

आणि त्या कागदावर सहा ओळी आखा. तुमच्या पत्रात सासऱ्यांची वेळ आहे, सासूबाईंची बादली आहे, नवऱ्याचे साडेआठ आहेत, मुलांची दहा-दहा मिनिटं आहेत. शेवटचं कोमट पाणी कुणाच्या वाट्याला येतं ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. सहाव्या ओळीत मी तुमच्यासाठी 15 लिटर धरलेत. ते कमी वाटले तर वाढवून लिहा. टाकी त्या आकड्यावरूनच घ्यायची आहे.